१६ ऑक्टोबर : आपल्या जिल्ह्याची तारीख

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली व दिली, हे बौद्ध घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. आम्हा भद्रावतीकरांना आणखी एक तारीख जपावयाची आहे. ती म्हणजे १६ ऑक्टोबर. त्या दिवशी बाबासाहेब चांद्याला आले आणि येथील विशाल जनसमुदायाला त्यांनी स्वतः धम्मदीक्षा दिली. या सोहळ्यामागे चांद्याचे सुपुत्र बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचे परिश्रम होते. त्यानंतर अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच होता; तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. १६ ऑक्टोबरला आपण मध्यप्रदेशात होतो आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आलो. म्हणून जुनी माणसे 'चांदा', 'मध्यप्रदेश' असे बोलली, तर विद्यार्थ्यांनी त्यांची चूक काढू नये. ती त्या काळाची खूण आहे.

तिथी आणि तारीख

१९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. नागपूरचा मुख्य सोहळा आजही अशोक विजयादशमीच्या तिथीस होतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, तर २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र अनुप्रवर्तन सोहळा मात्र १५ व १६ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांनाच होतो. म्हणजे एकाच इतिहासाच्या दोन आठवणी आपण दोन पंचांगांनी जपतो. दोन्ही रीती योग्यच आहेत. परंतु घरातील आठवण टिपताना हा फरक ध्यानात ठेवावयास हवा.

आठवणी कशा टिपाव्यात?

"दसऱ्याला दीक्षा घेतली," असे आजी सांगते, तेव्हा ती नागपूरला होती की चांद्याला? अनेक घरांत या दोन आठवणी एकमेकींत मिसळतात. विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सावकाश विचारावेत.

१. दीक्षा नेमकी दसऱ्याच्या दिवशी झाली की दोन दिवसांनी?
२. भिक्खूंनी आधी बाबासाहेबांना दीक्षा दिल्याचे पाहिले काय? पाहिले असल्यास ते नागपूर होय. कारण भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेबांना तेथे दीक्षा दिली.
३. गावाहून कसे गेलात? पायी, बंडीने, की भांदकहून रेल्वेने? सोबत कोण होते? शिदोरीत काय होते?
४. शेतात कोणते पीक उभे होते?
५. परत आल्यावर घरातील देव्हाऱ्याचे काय झाले? गावात कोण काय बोलले?

उत्तर जसेच्या तसे, सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहावे. आपण ते शुद्ध करू नये. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि टिपल्याची तारीख लिहावी. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही ठेवावे.

आमच्या विजासनच्या डोंगरात बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत. त्या कोरणाऱ्या हातांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. पण दगड होता म्हणून मूर्ती तरी राहिल्या. चांद्याला पायी गेलेल्या माणसांच्या आठवणी कोणत्याच दगडावर नाहीत. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. जे तेव्हा तरुण होते, त्यांपैकी फार थोडे उरले आहेत.

म्हणून आमची सभासदांना व विद्यार्थ्यांना विनंती आहे. येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला अवश्य जावे. परंतु निघण्यापूर्वी वही घेऊन एक संध्याकाळ घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. अभिवादनाइतकेच तेही आपले कर्तव्य आहे.