पीळ पडलेली शेंग

प्रश्न : जानेवारीत लोहगडाच्या वाटेवर एका झुडपाला दोरीसारख्या पिळलेल्या तपकिरी शेंगा दिसल्या. त्या कशाच्या?

उत्तर : मुरुडशेंगेच्या. काही जण हिला केवण म्हणतात. घरी बाळगुटी उगाळत असतील, तर सहाणेवर ही तुम्ही पाहिलीच असेल. खरं तर ही एक शेंग नव्हेच. पाच अरुंद फळं एकमेकांभोवती मुरडून बसलेली असतात. वाळल्यावर पीळ सैल होतो आणि बारीक, काळपट बिया गळतात. पावसाळ्यात याच झुडपाला लालभडक फुलं येतात, ती जुनी झाली की निळसर-राखाडी पडतात. मधासाठी शिंजीर घिरट्या घालतात. सालीच्या वाखाचे दोरही वळतात. म्हणजे दोर झाला तरी पीळ काही सुटत नाही! झाडावरची शेंग मात्र तोडू नका, खाली पडलेली उचला.