अळंबीची कॅप्सूल घेण्याआधी हे वाचा

🍄 *आरोग्य संदेश : सर्व सभासदांसाठी*



मागच्या आठवड्यात आपले एक सभासद संकलन केंद्रावर एक डबी घेऊन आले. आत रेशी अळंबीच्या ६० कॅप्सूल, किंमत १,८०० रुपये. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "दोन महिन्यांत शुगरची गोळी सुटेल." यांनी पंधरा दिवसांतच गोळी निम्मी केली. तपासलं तर उपाशीपोटी साखर २४०! आता डॉक्टरांकडे उपचार परत सुरू आहेत. पण असे डबीवाले गावोगाव फिरतायत, म्हणून आजचा संदेश थोडा मोठा आहे. शेवटपर्यंत वाचा.

*१) औषधी अळंबी हे थोतांड आहे का?*
नाही. चीन-जपानमध्ये रेशी, शिताके शेकडो वर्षं वापरात आहेत. आपल्या कोकणातही फणसाच्या खोडावरचा फणसांबा जुने वैद्य उगाळून देत. अळंबीत बीटा-ग्लुकान नावाचा तंतुमय घटक असतो आणि त्याचा शरीराच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण प्रयोगशाळेत दिसणं वेगळं आणि माणसाचा आजार बरा होणं वेगळं. बशीत उगवलेलं प्रत्येक बी शेतात उतरतंच असं नाही, तसंच हे.

*२) माणसांवर काय दिसलं?*
▪️ *टर्की टेल :* याच्या अर्काला जपानमध्ये १९७७ साली औषध म्हणून मान्यता मिळाली. पण कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारांच्या *जोडीला*, त्यांच्या ऐवजी नाही.
▪️ *लायन्स मेन :* २००९ साली जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विसरभोळेपणा सुरू झालेले ५० ते ८० वयाचे ३० जण, १६ आठवडे. घेणाऱ्यांचे चाचणीतले गुण सुधारले, बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा उतरले. आशा आहे, पण ३० जणांवरून सगळ्यांना सांगता येत नाही.
▪️ *रेशी :* मधुमेही रुग्णांवरचे अभ्यास कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये एकत्र तपासले. साखर किंवा कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी रेशी घ्यावी, असा आधार मिळाला नाही. म्हणजे डबीवाल्याचा दावा नेमका इथेच पडतो.

*३) कोणी सांभाळायचं?*
⚠️ रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर अशी कॅप्सूल चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.
⚠️ शुगर-बीपीची औषधं चालू असतील, अवयव बदललेला असेल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
⚠️ रेशीची पावडर घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याची काही उदाहरणं वैद्यकीय नोंदीत आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर ताबडतोब बंद करा आणि दवाखाना गाठा.
⚠️ पावसाळ्यात बांधावर, झाडावर उगवलेली अळंबी ओळखीशिवाय तोंडात घालू नका. वाळवून पावडर केली तरी विष जात नाही.

*४) डबी हातात आली तर काय बघायचं?*
✅ एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर.
✅ हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर "औषधी वापरासाठी नाही" या अर्थाची ओळ छापावी लागते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला ती वाचायला सांगा. डबीच सांगते औषध नाही, आणि विकणारा सांगतो औषध आहे. विश्वास कोणावर ठेवायचा ते तुम्ही ठरवा.
✅ पक्की पावती. पावती देत नसेल तर माल परत.

*५) मग अळंबी खायची की नाही?*
जरूर खायची! आपल्यातले काही सभासद सोयाबीनच्या आणि गव्हाच्या काडावर धिंगरी पिकवतात. १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत साधारण ३ ग्रॅम प्रथिनं, वर तंतुमय पदार्थ, आणि चरबी अगदी नगण्य. शुगरवाल्यांनाही चालणारी भाजी आहे. एक सोपी युक्ती : शिजवण्याआधी धिंगरी *पाकळ्यांची बाजू वर करून* दुपारच्या उन्हात तासभर ठेवा. उन्हाने तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. फक्त कच्ची खाऊ नका, नीट शिजवा. आणि बी-१२ साठी अळंबीच्या भरवशावर राहू नका.

*६) पावडर विकणाऱ्या सभासदांसाठी*
पाकिटावर किंवा स्टेटसवर "मधुमेह बरा होतो", "कॅन्सरवर गुणकारी" असं लिहू नका. १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे. "उन्हात वाळवलेली धिंगरी पावडर, आमटी-सूपसाठी" एवढं खरं लिहिलं तरी गिऱ्हाईक टिकतं. आणि कोणी "कॉर्डिसेप्स पिकवा, आम्ही परत विकत घेऊ" म्हणून आगाऊ पैसे मागत असेल, तर सही करण्याआधी करार कंपनीच्या ऑफिसात दाखवा.

*लक्षात ठेवा : अळंबी ताटात असू द्या, पण चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.*

घरात कोणी अशी कॅप्सूल घेत असेल तर लाजू नका. डबीचा दोन्ही बाजूंचा फोटो याच नंबरवर पाठवा, लेबल वाचून सांगू. आणि हा संदेश घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कारण डबीवाला आधी त्यांच्याकडेच जातो.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱