ऊसतोडीच्या हिशोबात नसलेली मुले



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांत बीड, जालना, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबे येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. आईबापांबरोबर मुलेही येतात. 'येतोस का?' असे त्यांना कोणी विचारलेले नसते. या मुलांकडे आपण बहुधा दयेने पाहतो. आज आपण त्यांच्या कामाचा हिशोब पाहू या.

मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. मजुरी टनावर ठरते आणि उचलीतून वळती होते. पण त्या टनात मुलांचेही हात असतात. पहाटे आई फडात जाते, तेव्हा धाकट्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर नसेल, तर अर्धा कोयता बंदच पडेल. थोडी मोठी मुले पाणी भरतात, बैल सांभाळतात, मोळ्या बांधू लागतात, वाढे गोळा करतात. हे वाढे गोठेवाल्यांना विकून रोजच्या तेलमिठाचे पैसे सुटतात. म्हणजे आपल्या साखरेतच नव्हे, दुधातही या मुलांचे कष्ट आहेत! मजुरीच्या पावतीवर मात्र त्यांचे नाव कुठेच नाही.

नाव असते ते गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर, आणि तिथे सहा महिने गैरहजेरी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून इथली शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे आपल्यापैकी शिक्षकांनी तरी त्या आईबापांना सांगावे, असे आम्हांला वाटते. कारण त्यांना कोणी सांगतच नाही.

मुले गावीच राहून शिकावीत म्हणून शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. योजना चांगली आहे. तरी आईबाप मुलांना सोबत का आणतात? मुलगी वसतिगृहात राहिली तर कोपीवरच्या धाकट्याला कोण पाहणार? आई मागे थांबली तर टन कमी भरतो, आणि उचल तर तेवढीच फेडायची असते. फडाजवळ पाळणाघर झाल्याशिवाय थोरलीची शाळा सुरू होणे कठीण आहे.