केसांचा टोप : थोडे शास्त्र आणि आपल्या शाळेचा एक नियम



या वेळच्या पाठाचा विषय वाचून काही जणांना हसू येईल. आम्हीही एकदा हा विषय असाच हसण्यावारी नेला होता, आणि त्याचा त्रास एका विद्यार्थिनीला झाला. म्हणून हा पाठ.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एका मुलीचे केस गळू लागले. आधी रुपयाएवढे चट्टे पडले, मग सहा महिन्यांत सगळे डोके मोकळे झाले. वडील लूमच्या कारखान्यात कामाला. त्यांनी बाजारातून नाटकात घालतात तसा स्वस्त टोप आणला. चकचकीत काळा, कपाळावर टोपीसारखा बसणारा. प्रार्थनेच्या वेळी तो सरकला आणि रांगेत हशा पिकला. त्याच आठवड्यात गेटवर आम्ही तिला सर्वांसमोर विचारले, "दोन वेण्या आणि रिबिनी का नाहीत?" तिचा आजार आम्हाला माहीत नव्हता, परंतु विचारण्याआधी माहिती करून घेणे हे आमचेच काम होते. त्यानंतर ती तीन आठवडे शाळेत आली नाही. आज ती दहावी होऊन पुढे शिकत आहे. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, नाव न देता, हे लिहीत आहोत.

केस का गळतात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस त्वचेतील मुळाशी तयार होतो. बाहेर दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा असून तो निर्जीव असतो, म्हणूनच केस कापताना दुखत नाही. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, काही आठवडे थांबतो, सुमारे ३ महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण आहे.

याहून जास्त गळण्याची कारणे वेगवेगळी असतात. पुरुषांचे टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असते, त्यात संप्रेरकाच्या परिणामाने केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात. टायफॉइड, डेंग्यू किंवा कोविडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात, पण ते बहुधा परत येतात. कर्करोगावरील काही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात आणि केसांच्या मुळातील पेशी तशाच असतात, म्हणून केस जातात. आपल्या विद्यार्थिनीला झाली होती ती चाई. त्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई स्पर्शाने पसरत नाही. डोक्याला होणारा गजकर्ण मात्र संसर्गाने पसरतो आणि औषधाने बरा होतो. म्हणून पहिली पायरी त्वचारोगाच्या डॉक्टरांची. तेल, लेप, टोप हे सर्व नंतर.

बुलढाण्याचा धडा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. काही जणांना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक खानदेश-विदर्भात आहेत, त्यांना ही बातमी आठवत असेल. आधी पाण्यावर संशय गेला, कोणी एखाद्या विषाणूचे नाव घेतले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तपासणीस आले. विंचूदंशावरील उपचारासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः तपास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष सांगितले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढले होते, जस्त कमी झाले होते, आणि त्यांच्या मते याचे मूळ रेशनच्या गव्हात होते. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले.

शास्त्र एवढे. पण त्या काळात तेथील मुलींनी शाळा-कॉलेजला जाणे टाळले, ठरलेली लग्ने मोडली, अशाही बातम्या आल्या. केस गेल्याने कोणाचा जीव गेला नाही. माणसे खचली ती लोकांच्या नजरेमुळे.

गंगावन ते हेअर पॅच

खोटे केस आपल्याला नवे नाहीत. 'गंगावन' हा शब्द घरी आजीला विचारा. वेणी लांब दिसावी, अंबाडा भरदार व्हावा म्हणून बायका गंगावन लावत असत. संगीत नाटकांच्या काळात पुरुष स्त्रीभूमिका करीत. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढणारे बालगंधर्व आपल्याला माहीत आहेत, तसे आपल्या गुजरातेत जयशंकर 'सुंदरी' होऊन गेले. त्या काळी टोप आणि गंगावन ही रंगपटातली नेहमीची सामग्री होती आणि ते कोणाला हसण्यासारखे वाटत नव्हते.

आज केसांच्या व्यापारात भारत जगात आघाडीवर आहे. तिरुमलाला भाविक मुंडण करतात आणि त्या केसांचा देवस्थान लिलाव करते. दुसरीकडे फण्यांत निघालेले गुंते भांडी किंवा फुगे देऊन गोळा करणारे फेरीवाले आपण गावोगाव पाहिले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. कच्चा माल बाहेर न जाता टोप येथेच बनावेत, अशी या उद्योगातील लोकांची मागणी होती.

स्वस्त टोप खोटा का दिसतो?

सुरतच्या मुलांना सूत समजावून सांगायला नको. स्वस्त टोपाचे केस म्हणजे कृत्रिम धागाच. तो सगळीकडे सारखा जाड असतो, म्हणून जास्त चमकतो, आणि उष्णतेने आखडतो. खऱ्या केसावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले असतात, सर्व मुळाकडून टोकाकडे रचलेले. मुंडणाचे केस एका दिशेने बांधून ठेवता येतात, त्यामुळे ते गुंतत नाहीत. गुंत्यातील केस उलटसुलट झालेले असतात. त्यांचे खवले आम्लाने काढून वर सिलिकॉनचा थर देतात. काही धुण्यांत तो थर जातो आणि केस पुन्हा गुंततात.

चांगल्या टोपाचा पाया बारीक जाळीचा असतो. त्यात आकडीने एकेक-दोनदोन केस गाठ मारून ओवतात. पुढची कडा सरळ रेघेसारखी नसते. तेथे केस विरळ आणि वेडेवाकडे असतात, कारण निसर्गात ते तसेच असतात. रंगही एकच नसून दोन-तीन छटा मिसळलेल्या असतात. लहान भागापुरता असेल तर त्यालाच बाजारात 'हेअर पॅच' म्हणतात.

बदल करताना

त्या कुटुंबाने दुसऱ्या वेळी जे केले, ते इतरांना उपयोगी पडेल. आधी डॉक्टरांना विचारले. गोंद किंवा टेप लावण्यापूर्वी ती हाताच्या आतल्या बाजूस एक दिवस लावून पाहिली. पुरळ उठले तर ती वापरायची नाही. किंमत, दुरुस्तीचा खर्च आणि किती दिवस टिकेल हे दुकानदाराकडून लिहून घेतले. टोप तिच्या चेहऱ्यावर बसवून मगच कापून घेतला. खांद्यापर्यंतचे साधे केस ठेवले, कारण फार दाट आणि लांब केस लगेच ओळखू येतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी सवय केली. शाळा उघडण्याआधी वर्गशिक्षिकेला आणि दोन मैत्रिणींना सांगून ठेवले. रात्री टोप काढून ठेवायचा, सुरतच्या दमट हवेत घाम येतो म्हणून टाळू रोज धुऊन कोरडी करायची, हे नियम पाळले.

एक गोष्ट आम्हाला तिच्याकडून शिकायला मिळाली. दहावीत ती कबड्डीच्या मैदानावर टोप काढून बाईंकडे देत असे आणि खेळून झाल्यावर परत घालत असे. टोप घालायचा की नाही, केव्हा घालायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

विश्वस्त मंडळास विनंती

यंदा पुन्हा एका पालकांनी आम्हाला विचारले, "आमच्या मुलाने टोपी घालून वर्गात बसले तर चालेल का?" आम्ही लगेच हो म्हटले. मात्र तेव्हा लक्षात आले की हा नियम कागदावर कोठेच नाही. उद्या गेटवर दुसरे कोणी उभे असेल आणि आमचीच चूक पुन्हा होईल. म्हणून शाळेच्या नियमावलीत पुढील तीन ओळी घालाव्यात, अशी विनंती करतो.

१. आजारपणामुळे केस गेलेल्या विद्यार्थ्यास वेण्या, रिबिनी व केशरचनेचा नियम लागू नाही.
२. त्याने टोप, टोपी, रुमाल घालावा किंवा काहीही घालू नये, ही त्याची इच्छा.
३. याविषयी चौकशी करायची झाल्यास ती फक्त कार्यालयात, पालकांसमोर करावी.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत 'बाल' म्हणजे केस, मराठीत 'बाल' म्हणजे लहान मूल. शाळेने दोहोंपैकी कशाकडे आधी पाहावे, हे आम्हाला उशिरा समजले.

स्वाध्याय

१. ताप आल्यानंतर केस लगेच न गळता दोन-तीन महिन्यांनी का गळतात? केसांच्या वाढीच्या टप्प्यांवरून उत्तर लिहा.
२. फणीतील एक केस आणि पॉलिएस्टरचा एक धागा शिक्षकांच्या देखरेखीखाली जाळून पाहा. वास आणि राख यांतील फरक नोंदवा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना गंगावनाविषयी विचारून दहा ओळी लिहा.
४. वर्गात एखादा मित्र टोप घालून आला, तर पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याशी काय बोलाल? (सूचना : केसांविषयी बोलायलाच हवे असे नाही.)