‘यांगशेंग’ : दीर्घायुष्याची चिनी परंपरा आणि वस्तुस्थिती

चीनच्या हूनान प्रांतातील चांगशा शहरानजीक मावांगदुई येथे १९७३ साली एका थडग्याचे उत्खनन झाले. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या या थडग्यात रेशमी कापडावर रंगविलेले एक चित्र मिळाले. त्यात स्त्री-पुरुषांच्या ४४ आकृती आहेत. कोणी हात वर ताणले आहेत, कोणी कमरेतून वाकले आहे, तर कोणी हाती काठी घेऊन व्यायाम करीत आहे. काही आकृतींशेजारी प्राण्यांची, तर काहींशेजारी दुखण्यांची नावे लिहिलेली आहेत. शरीर ताणून श्वास नियंत्रित करण्याच्या या पद्धतीस ‘दाओइन’ म्हणतात. आरोग्यासाठी व्यायाम ही कल्पना चीनमध्ये किती जुनी आहे, याचा हा सर्वांत बोलका पुरावा होय.

या साऱ्या आचारांना चिनी भाषेत ‘यांगशेंग’ असे नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘जीवनाचे पोषण’. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, ‘यिन’ आणि ‘यांग’ या परस्परपूरक तत्त्वांचा तोल ढळला की रोग होतो व तो सांभाळला की आयुष्य वाढते, असे या परंपरेचे गृहीतक आहे. ‘ची’ मोजता येत नाही आणि आधुनिक शरीरशास्त्रात तिला समकक्ष असे काही नाही. म्हणून या परंपरेचा अभ्यास करताना तिची तात्त्विक परिभाषा आणि तिने सांगितलेले प्रत्यक्ष आचार यांत भेद करणे आवश्यक ठरते.

ऋतू, आहार आणि हालचाल

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ हा हान राजवटीच्या काळात संकलित झाला असे मानले जाते. पूर्वीचे लोक शंभर वर्षे जगत, आताचे पन्नाशीतच का थकतात, या पीत सम्राटाच्या प्रश्नाने त्याचा आरंभ होतो. त्याचा वैद्य ची बो याचे उत्तर साधे आहे : खाण्यापिण्यात, झोपेत व श्रमात मर्यादा राहिली नाही. पुढे ऋतूनुसार दिनक्रम दिला आहे. उन्हाळ्यात उशिरा निजावे व लवकर उठावे, हिवाळ्यात मात्र लवकर निजून सूर्य वर आल्यावरच उठावे. आयुर्वेदातील ऋतुचर्येशी याचे साम्य सहज ध्यानात येते. रोग होण्यापूर्वीच त्यावर उपाय करावा, हे सूत्रही याच ग्रंथातील.

इ.स. २०८ मध्ये निधन पावलेला ह्वा तुओ हा वैद्य वाघ, हरीण, अस्वल, माकड व पक्षी यांच्या हालचालींवर आधारलेल्या ‘पंचप्राणी’ व्यायामासाठी प्रसिद्ध आहे. रोज उघडझाप होणाऱ्या दाराचे बिजागर किडत नाही, तसेच शरीराचेही आहे, असे तो शिष्यांना सांगे. ताईची च्वान ही संथ व्यायामपद्धती मात्र बरीच नंतरची असून तिचा उगम सामान्यतः १७ व्या शतकात हेनान प्रांतातील चेन गावाशी जोडला जातो. २०२० मध्ये तिचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

आहाराच्या बाबतीत सुन सिमियाओ (निधन इ.स. ६८२) याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वैद्याने प्रथम आहाराने उपचार करावा, त्याने गुण न आल्यासच औषधाकडे वळावे, असा त्याचा आग्रह होता. रातांधळेपणावर प्राण्यांचे यकृत व गलगंडावर समुद्रशेवाळ त्याने सुचविले आहे. पहिल्यात ‘अ’ जीवनसत्त्व, दुसऱ्यात आयोडीन असते, हे कळायला पुढे हजाराहून अधिक वर्षे जावी लागली. त्याच्याच ग्रंथात ‘भारतीय मर्दन’ या नावाने १८ व्यायामप्रकार नोंदविलेले आहेत.

अमृताचा घातक शोध

या परंपरेची दुसरी बाजू काळी आहे. हिंगूळ व पारा यांपासून अमरत्व देणारी गुटिका बनविता येईल, या समजुतीपायी अनेकांनी प्राण गमावले. चीनचा पहिला सम्राट छिन शि ह्वांग याने अमृताच्या शोधार्थ समुद्रापार माणसे धाडली, तरी इ.स.पू. २१० मध्ये पन्नाशीच्या आतच त्याचा अंत झाला. तांग घराण्यातील अनेक सम्राटांचा मृत्यू अशा गुटिकांमुळे ओढवल्याचे इतिहासकार मानतात. भारताचाही यात थोडा संबंध येतो. चिनी राजदूत वांग श्वानत्से याने ६४८ मध्ये नारायणस्वामी नावाचा एक भारतीय आपल्यासोबत नेला. त्याने स्वतःचे वय २०० वर्षे सांगितले आणि सम्राट ताइत्सुंग याने त्याला दीर्घायुष्याचे औषध बनविण्याच्या कामी नेमले. सम्राट पुढच्याच वर्षी मरण पावला.

धोका केवळ इतिहासजमा झालेला नाही. ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या काही चिनी वनस्पतींमुळे १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटविण्याचे उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांचे मूत्रपिंड निकामी झाले. हे आम्ल कर्करोगकारकही आहे. याउलट, चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथातील एका नोंदीचा धागा पकडून तू योयो यांनी हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधले. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच गे होंग अमृतगुटिकांचेही पुरस्कर्ते होते! परंपरा जुनी आहे म्हणून ती खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही, कसोटी प्रयोगाचीच. ताईचीच्या बाबतीत ही कसोटी बऱ्याच अंशी पार पडली आहे. वृद्धांचा तोल सुधारतो व पडण्याचे प्रमाण घटते, असे अनेक नियंत्रित चाचण्यांत आढळले आहे.

आयुर्मान कशामुळे वाढले?

यांगशेंगची परंपरा दोन हजार वर्षांची असूनही १९४९ च्या सुमारास चीनमधील सरासरी आयुर्मान ३५ वर्षांच्या आसपासच होते. १९८१ पर्यंत ते सुमारे ६८ वर्षांवर गेले. मधल्या काळात १९५९ ते १९६१ चा भीषण दुष्काळ येऊनही हे घडले. लसीकरण, स्वच्छ पाणी, प्रशिक्षित सुईणी, १९५२ पासूनची देशभक्तिपर आरोग्य मोहीम आणि १९६८ पासून गाजलेले ‘अनवाणी डॉक्टर’ यांना याचे श्रेय जाते. हे ग्रामीण सेवक वनौषधी व सूचिचिकित्साही वापरत, परंतु बालमृत्यू घटले ते प्रामुख्याने लस व स्वच्छतेमुळे. १९८० च्या दशकात कम्यून मोडल्यावर ग्रामीण सहकारी वैद्यक व्यवस्थाही कोसळली. २००३ मध्ये सरकारला नवी ग्रामीण सहकारी वैद्यकीय योजना आणावी लागली.

आता प्रश्न अल्पायुष्याचा उरलेला नाही. २०२० च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील चिनी नागरिक २६.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के होते. सकाळी उद्यानांत ताईची करणारे ज्येष्ठ नागरिक हे तेथील नेहमीचे दृश्य. यांगशेंगकडे सरकारही आता प्रतिबंधक आरोग्यसेवेचा एक स्वस्त घटक म्हणून पाहते. पुरुषांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६३ वर नेण्यास जानेवारी २०२५ पासून प्रारंभ झाला असून ही वाढ १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण व्हावयाची आहे.