विकलेल्या मालावर कुलूप

पूर्ण किंमत घेतल्यावर माल कोठे वापरावा, हे विक्रेत्याने ठरवावे काय? व्हिडिओ गेमच्या धंद्यातील 'विभागीय कुलूप' हा असाच वाद आहे. निन्टेंडोच्या थ्रीडीएस (२०११) यंत्राचा अमेरिकेत घेतलेला गेम जपानी यंत्रात चालत नसे.

कंपन्या म्हणतात, प्रत्येक देशात किंमत, वितरक आणि वयोमर्यादेचे नियम निराळे. स्वस्त बाजारातील माल महाग बाजारात शिरला तर तेथील वितरक बुडतो. ग्राहक म्हणतो, पैसे दिले, माल माझा झाला. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर कुलूप जाहीर केले. ओरड होताच त्याच जूनमध्ये मागे घेतले. २०१७ च्या स्विचवर निन्टेंडोनेही ते ठेवले नाही.

२०२५ मध्ये मात्र स्विच-२ जपानमध्ये दोन दरांनी आले: बहुभाषी ६९,९८० येन, केवळ जपानी भाषेचे ४९,९८० येन. स्वस्त यंत्राला जपानमधीलच खाते जोडता येते. कुलूप गेले नाही, त्याचे रूप बदलले.

तेव्हा आखातातील नातलगाकडून यंत्र मागविताना किमतीआधी विभाग, भाषा व खाते यांची चौकशी करावी. दुकानदारानेही ही मर्यादा आधीच सांगावी. सांगितलेली अट हा सौदा. लपविलेली अट ही फसवणूक.