इशारा आणि कृती यांतील अंतर

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. हवामान खात्याने इशारा दिलेला होता; तरीही सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरनजीक ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ धडकले. त्या वेळी मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

हा फरक कशामुळे पडला? मधल्या काळात राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले. म्हणूनच इशारा मिळताच प्रशासन, पंचायती व स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने सुमारे दहा लाख लोकांना वादळापूर्वीच सुरक्षित स्थळी हलविता आले.

इशारा ही मुळात केवळ वार्ता होय. कोणी कोणाचे दार ठोठवावे, वृद्धांना व अपंगांना कोणी न्यावे, निवाऱ्याची किल्ली कोणापाशी असावी, हे आधी ठरलेले असेल तरच तिचे कृतीत रूपांतर होते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड किनाऱ्यास तडाखा दिला. कोकणासही हा धडा परका नाही. यास्तव पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत या जबाबदाऱ्यांची नावानिशी यादी वाचून दाखविली जावी.